बंद पडलेली बीटल ट्रेलरवर घालून आणायची आहे, काय काय न्यावं?

गॅरेजवेडा

मंडळी, शेवटी जमलं. बरेच दिवस जिच्यावर डोळा होता ती फोक्सवॅगन बीटल द्यायला मालक तयार झालाय. ७० च्या आसपासचं मॉडेल, कागद आहेत, कित्येक वर्षं शेडमध्ये उभी, चारही टायर बसलेले. फोनवर म्हणतो "चाकं फिरतात, ढकलली की जाते" पण शेवटची कधी ढकलली होती ते विचारलं तर विषय बदलतो.

ट्रेलर भाड्याने घेतोय, दोन अ‍ॅक्सलचा, स्वतःचे ब्रेक असलेला, पुढे हातविंच (हाताने फिरवून दोरी गुंडाळत गाडी ओढायचं यंत्र) आहे. ओढायला माझी डिझेल एसयूव्ही. तीनेक तासांचा रस्ता, बहुतेक हायवेच. मी आणि मेहुणा असे दोघंच जाणार. ट्रेलर मी आधी ओढलाय पण त्यावर फर्निचर नाहीतर माती असायची, गाडी कधी नाही.

तर विचारायचं असं की गाडी तोंड पुढे करून चढवायची की उलटी, कारण हिचं इंजिन मागे असतं आणि प्रत्येक जण वेगळं सांगतोय. पट्टे कुठे बांधू? बंपरला बांधायची तर भीतीच वाटते. आणि चाक जाम निघालं तर दोन माणसांनी काय करायचं? मला सुचलं नसेल असं काही असेल तर तेही सांगा, परत हेलपाटा घालायची अजिबात तयारी नाही.

तेलकट_हात

अभिनंदन भाऊ! मालकाच्या "फिरतात" वर विसंबू नकोस. तो खोटं बोलतोय असं नाही, उभी केली तेव्हा फिरत होती एवढाच त्याचा अर्थ. ड्रम ब्रेकमध्ये शू (ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारे तुकडे) गंजून ड्रमला चिकटतात आणि हँडब्रेक ओढून उभी केली असेल तर मागची दोन चाकं हमखास जाम. दिवस मोडतो तो शेडमध्येच, हायवेवर नाही.

हिशोब बघ म्हणजे कळेल. बीटल धर ८०० किलो. रॅम्प १५ अंशांचा असेल तर मोकळ्या चाकांची गाडी वर ओढायला साधारण दोनशे-सव्वादोनशे किलोचा जोर लागतो, टायर बसलेले असतील तर अजून थोडा. तीच गाडी चारही चाकं जाम असताना घासत ओढायची म्हटलं तर आकडा ७००-८०० च्या घरात जातो, म्हणजे जवळपास गाडी उचलल्यासारखंच. तुझा हातविंच रडेल आणि मेहुणाही.

त्यामुळे पोचल्या पोचल्या ट्रेलर लावत बसू नकोस, आधी चाकं. सुरुवात गाडीच्या आतून कर. हँडब्रेकच्या दांड्याच्या बुडाशी रबरी बूट असतो तो वर सरकवलास की दोन केबलचे दोन नट दिसतात. दांडा खाली कर आणि नट सैल सोड. मग चाकापाशी ये, प्रत्येक ड्रमला दोन स्टार अ‍ॅडजस्टर (शू जवळ-लांब करायच्या दातेरी चकत्या) असतात, जुन्या मॉडेलला भोक ड्रमच्या तोंडावरच, नंतरच्याला मागच्या प्लेटला रबरी बूच असतं ते काढून स्क्रू ड्रायव्हर आत घालायचा आणि दात सैल बाजूला फिरवायचे. दोन्ही अ‍ॅडजस्टर एकमेकांच्या उलट फिरतात, एक सैल करताना दुसरा आवळू नकोस. त्यानंतर ड्रमच्या कडेला हातोडीने गोल फिरत ठोकायचं, घणाने नाही, ड्रम ओतीव लोखंडाचा आहे तडा जाईल. ठोकायचं आणि गाडी पुढेमागे हलवायची, परत ठोकायचं. सुटताना "टक्क" असा आवाज येतो, तो ऐकला की मेहुण्याला मिठी मार.

तरी सुटलं नाही तर ब्लीड निपल, म्हणजे ब्रेकचं तेल-हवा सोडायचा छोटा स्क्रू, उघडून बघ. निपल उघडल्यावर चाक मोकळं झालं तर ब्रेकचा रबरी पाइप आतून फुगून बंद झालाय, प्रेशर मागे परतत नाहीये. निपल गंजून तुटलं तरी चालेल, ते सगळं तुला घरी बदलायचंच आहे.

मागचा ड्रम तिथे काढायच्या भानगडीत पडू नकोस. त्याचा नट ३६ मिमीचा असतो आणि कमीत कमी ३०० न्यूटन मीटरला आवळलेला, वर इतक्या वर्षांचा गंज. चांगला मीटरभर पाइप लावूनही कधी कधी हलत नाही.

आणि हो, स्टेपनीत हवा असेल असं समजू नकोस. जुन्या बीटलमध्ये काचेवर पाणी उडवायचा वॉशर स्टेपनीच्या हवेवर चालायचा, कुणी डोकं लढवलं होतं देव जाणे. पंप ने. हवा धरतच नसेल तर दुसरी चाकं उधार घे पण बोल्ट आधी बघ, १९६७ च्या आसपासपर्यंत ५ बोल्ट असायचे, २०५ मिमीच्या वर्तुळावर, नंतर ४ आले १३० वर. एकाचं दुसऱ्याला बसत नाही.

चौथा_गिअर

तोंड कुठे या प्रश्नावर लोक भांडतात कारण ते गाडीबद्दल बोलतात, बोलायला पाहिजे हिचबद्दल, म्हणजे ओढणाऱ्या गाडीला ट्रेलर जोडायच्या हुकबद्दल. ट्रेलर नीट चालायला त्याच्या नाकावर, म्हणजे कपलिंगच्या बॉलवर, पुरेसा भार यावा लागतो. अमेरिकन ट्रेलरवाले एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के सांगतात, युरोपात ५ ते ७ टक्के धरतात कारण तिकडच्या हिचची मर्यादा कमी असते. तुझ्या हिचवर आणि ट्रेलरच्या कपलिंगवर आकडा कोरलेला असतो, दोन्हीतला कमी असेल तो तुझा, त्याच्या वर जायचं नाही.

बीटलचं साधारण ६० टक्के वजन मागच्या चाकांवर. ती तोंड पुढे करून चढवलीस तर इंजिन येतं ट्रेलरच्या शेपटाकडे, नाक हलकं होतं आणि ट्रेलर वेग वाढला की शेपूट हलवायला लागतो. ट्रक शेजारून गेला की तर विचारूच नको. म्हणून उलटी चढवायची, इंजिन ओढणाऱ्या गाडीच्या बाजूला. पण तेही पार पुढे ढकलून ठेवलंस तर नाकावर जास्त भार येऊन तुझ्या एसयूव्हीचं बूड बसणार, हेडलाइट आभाळात आणि पुढची चाकं हलकी. म्हणजे उत्तर एकच, चढव, नाकाखाली वजनकाटा ठेव, बघ, फूट-अर्धा फूट पुढेमागे करून परत बघ. घरातला माणसं मोजायचा काटा चालतो, त्यावर फळी आणि कपलिंगच्या उंचीचा लाकडी ठोकळा, जॉकी व्हील (ट्रेलरच्या नाकाखालचं छोटं टेकूचं चाक) वर घेतलेलं, ट्रेलरची चाकं सपाट जागेवर ठोकळे लावून. बॉलच्या उंचीलाच मोज, नाहीतर आकडा चुकतो.

रस्त्यात ट्रेलर डुलायला लागलाच तर अ‍ॅक्सिलरेटर सोड, स्टिअरिंग सरळ धरून ठेव, बस. ब्रेक दाबू नकोस, "पळवून सरळ करतो" तर मुळीच नाही. ८० च्या वर जायचं काही कारण नाही.

रिकामी_टाकी

एवढा खटाटोप कशाला? फ्लॅटबेडवाल्याला सांगायचं, त्याची विंच मोठी, पट्टे त्याचे, जबाबदारी त्याची, आपण मागून चहा पीत यायचं. हौस म्हणून ठीक आहे पण ज्याने ट्रेलरवर गाडी कधी ओढलीच नाही त्याने पहिलाच प्रयोग जाम चाकांच्या गाडीवर का करावा?

तेलकट_हात

@रिकामी_टाकी मुद्दा चुकीचा नाही, चाकं सुटली नाहीत तर मीही फ्लॅटबेडच सांगेन. पण फ्लॅटबेडवाला शेडमध्ये शिरून ड्रम ठोकत बसणार नाही, तो हुक अडकवणार आणि ओढणार, मग पुढचा बीम निघो नाहीतर फ्लोअर फाटो. शेडमधून बाहेर काढायचं काम दोन्हीकडे तुझंच.

गॅरेजवेडा

बाप रे, एवढं लिहिलंत, धन्यवाद. एक गोष्ट सांगायची राहिली, मालकाशी आज परत बोललो तर म्हणतो इंजिन काढलेलं आहे! शेजारी टायरवर ठेवलंय, बाकीचं डब्यांमध्ये. म्हणजे आता सगळं गणित बदललं का? आणि किल्ली आहे म्हणाला पण "बघावी लागेल".

चौथा_गिअर

बदललं, आणि तुझ्या फायद्याचं. इंजिन निघालं म्हणजे मागचं शंभर किलोच्या आसपासचं वजन गेलं, पुढचं-मागचं बरंचसं सारखं झालं. आता तोंड पुढे करूनही चढवता येईल आणि मी तेच करेन कारण वाऱ्याचा त्रास कमी. उलट्या गाडीत वारा मागून येतो, दरवाज्यांच्या बिजागऱ्या पुढे असतात त्यामुळे लॅच ढिला असला की हायवेवर दरवाजा वारा भरून सताड उघडतो आणि मोडतो. तोंड पुढे असेल तर दरवाजा वाऱ्याने दाबलेलाच राहतो, पण मग पुढची डिकी सांभाळ, तिची बिजागरी काचेकडे आणि लॅच नाकाशी, उघडली तर थेट काचेवर. लॅचवर भरवसा न ठेवता वरून एक पट्टा टाक, खाली जाड फडकं दे.

इंजिन डिकीत घालून आणू नकोस. ट्रेलरवरच ठेव, गाडीच्या पुढच्या बाजूला किंवा अ‍ॅक्सलच्या थोडं पुढे, टायरवर बसवून त्याला स्वतःचे दोन पट्टे. त्याच्या जागेने नाकावरचा भारही जुळवता येतो, गाडी हलवण्यापेक्षा इंजिन सरकवणं सोपं. तेल आधी काढून घे नाहीतर ट्रेलर परत देताना बोंब.

आणखी एक, इंजिन नाही म्हणजे गिअरमध्ये अडकली असली तरी चाकं फिरतील, एक काळजी मिटली. किल्ली मात्र हवीच, स्टिअरिंग लॉक असलेलं मॉडेल असेल आणि चाकं वळलेली असताना लॉक झालेलं असेल तर गाडी सरळ रॅम्पवर येतच नाही. किल्ली मिळेना तर पुढच्या चाकांखाली चाकवाल्या ट्रॉल्या घालून न्यावी लागेल, त्यांना सपाट फरशी लागते, शेडमध्ये माती असेल तर प्लायवूडच्या शीट टाक.

सडका_पत्रा

पट्ट्यांचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो, आणि त्याच्या आधी पत्र्याचं, कारण बीटलमध्ये ते वेगळं करता येत नाही.

गेल्यावर मागची सीट उचल. उजव्या हाताला बॅटरीची जागा असते, अ‍ॅसिडने तिथला फ्लोअर खाल्लेला असतो. अंगठ्याने दाब, कुरकुर करून आत गेला तर समज. मग दाराखालच्या बाजूच्या पोकळ पट्ट्या, ज्यातून हीटरची हवा जाते, त्या बघ, बाहेरून रंग चांगला दिसतो आणि आत गंजाचा भुगा. त्या गेल्या असतील तर जॅक लावायची मूळ जागा पण त्यांच्याच खाली आहे, जॅक वर जातो आणि गाडी जागेवरच राहते. जॅक पुढच्या बीमखाली नाहीतर मागच्या टॉर्शन ट्यूबखाली (मागच्या सस्पेन्शनची जाड आडवी नळी) लाव, मधे लाकूड ठेवून. दरवाजे विंच सुरू करायच्या आधीच बंद करून टाक, बॉडी ढिली असेल तर चढताना ती वाकते आणि उघडा दरवाजा परत लागतच नाही.

सीट उचललीच आहेस तर तिथेच मधल्या बोगद्यावर चॅसी नंबर ठोकलेला असतो, तो कागदाशी ताडून बघ, फोटो काढ. इंजिन नंबर जनरेटरच्या स्टँडच्या बुडाशी असतो. पैसे देण्याआधी, ट्रेलरवर चढवून झाल्यावर नाही.

आता पट्टे. बंपरला नको, बंपर ज्या ब्रॅकेटवर आहे तेच गंजलेलं असतं. पुढे दोन आडव्या नळ्यांचा बीम आहे, त्याला मऊ लूप गुंडाळून दोन पट्टे, ब्रेकचे पाइप आणि स्टिअरिंगच्या दांड्या चिमटू देऊ नकोस. मागे जुना स्विंग अ‍ॅक्सल असेल तर अ‍ॅक्सलच्या नळीला बांधता येतं. नंतरच्या दोन जॉइंटवाल्या मॉडेलला तिथे फिरणारा शाफ्ट असतो, त्याला चुकूनही बांधू नकोस. ओळखता येत नसेल तर सरळ चाकावरून घालायचे जाळीचे पट्टे घे, चार चाकांना चार. मला तर तेच आवडतात, चाक ट्रेलरला आवळलेलं राहतं आणि गाडी स्प्रिंगवर पाहिजे तशी डोलते, खड्ड्यात आपटली म्हणून पट्टा ढिला होत नाही. अट एकच, टायरमध्ये हवा पाहिजे, हवा गेली की पट्टा लोंबला.

पट्ट्यावर दोन आकडे असतात, एक तुटण्याचा आणि एक काम करण्याचा, दुकानदार मोठा दाखवतो, तू छोटा बघ. विंचची दोरी म्हणजे पट्टा नव्हे. चढवून झालं की ती फक्त जादाची म्हणून राहू दे, तिच्या भरवशावर निघायचं नाही. दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून सगळे रॅचेट (पट्टे आवळायचे दातेरी खटके) परत आवळायचे, पहिल्या थांब्याला दर वेळी एकदोन दात जातातच. पट्ट्याला एकदोन पीळ दे, सपाट पट्टा वाऱ्यात भुणभुणतो आणि झिजतो.

ताडपत्री घालू नका. सगळ्यांना वाटतं झाकून न्यावी. अर्ध्या तासात फाटून मागच्याच्या काचेवर जाते, आणि नाही फाटली तर रंग घासून काढते.

तेलकट_हात

वरच्यांनी सगळं सांगितलं, विंच चालवतानाचं तेवढं राहिलं. गाडी रॅम्पवर यायच्या आधी ट्रेलरच्या शेपटाखाली टेकू द्यायचा, त्याचे पाय असतील तर ते, नसतील तर जॅक स्टँड नाहीतर ठोकळे. का, तर गाडीची चाकं ट्रेलरच्या टोकावर आली की ट्रेलरचं नाक वर उचलतं, तुझ्या एसयूव्हीची मागची चाकं हलकी होतात, आणि हँडब्रेक मागच्याच चाकांना असतो. उतार असेल तर अख्खी वरात चालायला लागते. एसयूव्हीच्या चारही चाकांना ठोकळे, चढवून झालं की टेकू काढायला विसरायचं नाही.

मेहुण्याचं काम एकच, ठोकळा घेऊन गाडीच्या बाजूने चालायचं आणि फूटभर पुढे गेली की मागच्या चाकामागे ठोकळा सरकवायचा, कारण हिला ब्रेक नाहीत. बाजूने! मागे नाही आणि दोरीच्या रेषेत तर कुणीच नाही. तारेची दोरी असेल तर मधोमध जुनं जाड ब्लँकेट टाक, तुटली तर ती चाबकासारखी येते. जोर कमी पडला तर पुली लावून दोरी दुहेरी कर, वेग निम्मा पण ताकद दुप्पट. आणि विंचवर लिहिलेली ताकद ड्रमवरच्या पहिल्या थराची असते, दोरी गुंडाळत जाईल तशी ती कमी होते. म्हणजे गाडी वर येत जाते तसा विंच थकत जातो, नेमका नको तेव्हा.

डब्यांबद्दल. ते सगळे घे, त्यातलं जे बीटलचं नाही असं तुला वाटेल तेही घे. विशेषतः काळे वेडेवाकडे पत्र्याचे तुकडे, लोक ते भंगार समजून टाकतात. इंजिन हवेवर थंड होतं ना, पंख्याची हवा सिलिंडरवर नेमकी तेच पत्रे फिरवतात आणि खालची गरम हवा परत वर येऊ देत नाहीत. एखादा नसला तरी इंजिन तापतं. शेडच्या कोपऱ्यात, कपाटामागे, माळ्यावर टॉर्च मारून ये. हातमोजे घाल, सीटच्या स्पंजमध्ये उंदरांची घरटी आणि दाराच्या खाचेत गांधीलमाश्या असतातच.

रिकामी_टाकी

ठीक आहे, हरलो. ट्रेलर भाड्याचा आहे तर निघताना त्याचे टायर बघा, घासलेले नसतात पण उन्हात उभे राहून बाजूने तडकलेले असतात. आणि थांबलात की हबला हात लावून बघायचं, एक बाकीच्यांपेक्षा चटका देत असेल तर बेअरिंग नाहीतर अडकलेला ब्रेक. ब्रेकअवे केबल (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी) आणि साखळ्या लावल्यात ना तेही.

गॅरेजवेडा

आली! काल संध्याकाळी गाडी उतरवली, पट्ट्यांचे वळ हातावर आहेत अजून.

वृत्तांत देतो. पुढची दोन्ही चाकं खरंच फिरत होती, मालक अर्धा खरा निघाला. मागचं उजवं हँडब्रेकचे नट सोडल्यावर सुटलं. मागच्या डाव्याने मात्र अंत पाहिला, अ‍ॅडजस्टर पूर्ण सैल केला, ठोकून ठोकून मेहुण्याचे हात भरून आले, मग केबल ड्रमच्या मागे जिथे आत शिरते तिथे स्प्रे मारून पकडीने हलवत राहिलो तर ती सरकली आणि तो "टक्क" आला. मिठी मारली नाही, दोघेही फार घाण होतो. किल्ली मिळाली, बिस्किटांच्या डब्यात कार्ब्युरेटरच्या शेजारी.

तोंड पुढे करून चढवली, इंजिन तिच्या नाकापुढे. पहिल्यांदा काट्यावर नाकाचा भार हिचच्या मर्यादेच्या वर गेला, इंजिन मागे सरकवून मर्यादेखाली आणला. वाटेत एकदाही डुलला नाही. पहिल्या थांब्याला पुढचा डावा पट्टा चांगलाच सैल झाला होता, @सडका_पत्रा धन्यवाद. फ्लोअरबद्दलही तुमचंच खरं, बॅटरीखाली अंगठा नाही, अख्खी मूठ आत जाते. चॅसी नंबर जुळला, तो बोगद्यावर असल्यामुळे वाचला.

पत्रे माळ्यावरच होते. दोन मिळाले, तिसरा कोळशाची फावडी म्हणून वापरात होता, मालकाने हसत धुऊन दिला. आता इंजिन स्टँडवर चढवून फ्लायव्हील (इंजिनच्या टोकाचं जड चाक) काढायचंय, त्याचा मधला नटही ३६ चाच आहे म्हणे. फ्लायव्हील फिरू नये म्हणून तुम्ही काय अडकवता, विकतचं लॉक की दोन बोल्ट लावून अँगलची पट्टी?